कापशीचे कान

जनावरांच्या दवाखान्यात येणारा माणूस सिस्टरशी आधी बोलतो, मग जनावराशी. या गृहस्थाचं उलटंच. टेबलावर बास्केट ठेवली आणि बास्केटलाच म्हणाला, "कापशी, घाबरायचं नाही हं. या सिस्टर प्रेमळ दिसताहेत."

"दिसतात सगळ्याच," सिस्टर म्हणाली. "इंजेक्शन दिलं की मत बदलतं."

तो हसला. चष्म्याची भिंगं घासणारा कारागीर. बोटांच्या पेरांत पांढरी पूड बसलेली. बास्केटमधून पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजर बाहेर आली. दोन्ही कानांच्या कडांना खपल्या होत्या.

"भांडणात ओरखडलं असेल म्हणून चार महिने मलम लावतोय... बरंच होत नाही."

डॉक्टरीणबाईंनी कानाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला त्वचेचा कॅन्सर. पांढऱ्या मांजरीच्या कानांवर केस विरळ, त्यात ही बाईसाहेब आठ वर्षं गच्चीच्या कठड्यावर ऊन खात बसलेली. "वेळेत आणलंत," बाई म्हणाल्या. "बाहेरचे कान कापून टाकू. पण पुढे ऊन अजिबात नको, नाहीतर नाकावर उठेल."

सहीच्या कागदावर त्याचं पेन अडलं. बाई आत गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कान कापल्यावर... माझं बोलणं ऐकू येईल ना हिला? म्हणजे— घरात दुसरं कोणी नाही."

सिस्टरच्या घरी तरी कोण होतं? भाड्याची खोली आणि रविवारी आईचा फोन. "ऐकण्याचं काम आतल्या कानाचं," ती म्हणाली. "आत्ता येतं तेवढंच नंतरही येईल."

त्यानं सही केली.

ऑपरेशन नीट झालं. मग दहा दिवस तो रोज दुपारी जखमा दाखवायला आणायचा. सिस्टर कापूस फिरवायची, तो मांजरीला धरून तिच्याशी बोलत राहायचा— आज कोणाचं भिंग फुटलं, शेजारच्या आजोबांनी चष्मा कपाळावर ठेवून कसा घरभर शोधला. सिस्टर हसू दाबायची. नंतर खोलीवर जाऊन एकटीच हसायची.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. तो दचकला, पिंजऱ्यातला कुत्रा भुंकायला लागला. कापशी शांतपणे पंजा चाटत बसली.

"निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरी पुष्कळदा जन्मापासून बहिऱ्या असतात," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "सांगून टाक त्यांना."

सांगायचं कसं? सांगितलं तर तो बोलायचा थांबेल, आणि दिवसभरात सिस्टरच्या कानावर पडणारे प्रेमाचे शब्द तेवढेच होते. मांजरीच्या वाटचे असले म्हणून काय झालं! ओठांवर आलेलं ती रोज गिळत राहिली.

दहाव्या दिवशी टाके निघाले. "आता उन्हाची काळजी नाही," तो खुशीत म्हणाला. "गच्चीवर गेली की खालून हाक मारेन. घरात ताटली हातात घेऊन हाक मारली की लगेच येते ती."

आता गप्प बसणं म्हणजे कापशीला पुन्हा उन्हात ढकलणं. सिस्टरनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"नाही येणार ती. तिला ऐकू येत नाही... कधीच येत नव्हतं. गच्चीचं दार बंद ठेवा."

तो मांजरीकडे बघत राहिला. तिच्या पाठीमागे त्यानं एक टाळी वाजवली, मग आणखी एक. कापशी हलली नाही.

"मग आठ वर्षं मी कोणाशी बोलत होतो?"

सिस्टर म्हणाली, "आठ वर्षांचं मला माहीत नाही. गेले दहा दिवस... मी ऐकतेय."

त्यानं कापशीला बास्केटमध्ये ठेवलं, झाकण लावलं आणि दारापर्यंत गेला. संपलं, असं तिला वाटलं. ती ट्रे पुसायला लागली.

"काल कुठवर आलो होतो मी?" त्यानं दारातूनच विचारलं.

"तुमची आई गेल्यावर पहिल्या सकाळी सवयीनं दोन कप चहा झाला... तिथवर."

तो परत आला. बास्केट टेबलावर ठेवून तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"त्या दुसऱ्या कपाचं सांगायचं राहिलं," तो म्हणाला. या वेळी तो तिच्याकडे बघून बोलत होता.