धायटीची लेक

दमणीच्या चाकाची खीळ निसटली ती नेमकी ओढ्याच्या उतारावर. शेलूबाजार कोसभरच राहिलं होतं. गाडीवान रामधन खीळ शोधत मागं गेला आणि सोबतीला आलेली आत्या, धनीबाई, आंब्याखाली पदर अंथरून आडवी झाली. कारंज्याच्या लग्नातले लाडू तिला अजून जड होत होते. मनकर्णा मात्र खाली उतरली, आणि उतरल्या जागीच थांबली.

ओढ्याची पलीकडची दरड लाल झाली होती. फाल्गुन अर्धा सरलेला, ओढ्यात पाण्याचं नाव नाही... आणि त्या कोरड्या दगडांतून धायटी अशी फुलली होती की फांद्या दिसत नव्हत्या. नखाएवढ्या लाल नळ्या, एकीला एक लागून. साऱ्या दरडीवर मधमाश्यांचा एकच संथ सूर.

लहानपणी माय अशीच एक नळी खुडून तिच्या ओठांशी धरायची. "चोख," म्हणायची. थेंबभर गोड. मनकर्णानं हात पुढं केला, तेवढ्यात दरडीमागून कुदळीचा घाव ऐकू आला.

एक तरुण धायटीच्या फुटव्यापाशी वाकला होता. टोपी मागं सरकलेली, सदरा घामानं ओला. दगड फोडावा तशी कुदळ चालवत होता.

"अहो! काय करून राह्यले हे?"

तो दचकून उभा राहिला. "झाड काढून राह्यलो."

"झाड काढता का जीव काढता त्याचा?"

"मंग... कसं काढतेत?"

त्यानं खरंच विचारलं होतं. तिचा राग अर्ध्या वाटेत थांबला.

"भोवती वीतभर माती राखा. माती फुटली की मूळ उघडं पडते. अन् आधी फुलं खुडा सारी."

"फुलं? फुलांसाठीच तर..."

"फुलं पोसत बसलं तर मूळ कवा धरील?"

त्यानं कुदळ खाली ठेवली. मग एकेक फूल खुडू लागला — हलक्या हातानं, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी वारतो आहे. खुडलेली फुलं खाली टाकवेनात म्हणून टोपी काढून तिच्यात ठेवत गेला. मनकर्णा नकळत जवळ बसली. मातीचा गोळा अलगद सुटला तेव्हा तिनं गाठोड्याचं हिरवं फडकं फाडलं आणि गोळा घट्ट बांधून दिला.

"कोणासाठी एवढा खटाटोप?"

"माय आजारी हाये घरी... तिच्यापायी." बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, हे तिला नंतर आठवलं.

रामधनची हाक आली. ती उठली तशी त्यानं टोपी पुढं केली. "हे तुमी घ्या. मले उघड्या डोक्यानं जाता येते."

"अन् ऊन?"

"ऊन काय, रोजचंच हाये."

तिनं फुलं पदरात ओतून घेतली, टोपी परत दिली. नाव त्यानं विचारलं नाही, तिनंही नाही. दमणी चालू लागल्यावर मात्र मनकर्णानं दोनदा मागं पाहिलं. दुसऱ्यांदा धनीबाई म्हणाली, "खीळ सापडली पोरी. आता काय हरवलं?"

*

मनकर्णाच्या आईला, प्रयागबाईंना, रानातल्या झुडपांचा नाद होता. लोक दारी मोगरा लावत. प्रयागबाईंच्या अंगणात कुडा, निरगुडी, करवंद आणि मधोमध धायटी. सारं गाव हसायचं. पण त्यांच्यासारख्याच नादाच्या बायका गावोगावी होत्या, आणि त्या बायकांची एक रीत होती. फुटवा द्यायचा तो लेक म्हणून, ओटी भरून. जिच्या घरी तो लागला ती झाली विहीणबाई. लेक पहिल्यांदा फुलली की त्या फुलांची डहाळी खुशाली म्हणून माहेरी पाठवायची. प्रयागबाईंनी धायटीच्या सात लेकी अशा उजवल्या होत्या. पहिली कामरगावच्या गोजराबाईंकडे.

प्रयागबाई गेल्या आणि त्याच उन्हाळ्यात अंगण वाळलं. आता मनकर्णा अठराची झाली होती, वडील जानराव स्थळांची गोष्ट काढत होते, आणि ती दर वेळी एकच सांगत होती, "मायचं अंगण असं उजाड टाकून मी कुठं जात नाही." शेवटी, कारंज्याला जायच्या आधी, तिनं गोजराबाईंना पत्र लिहिलं. मायनं दिलेल्या लेकीचा एक फुटवा माहेरी धाडा.

ओढ्यावरून ती घरी आली त्याच दुपारी ओसरीवर जानरावांचा आवाज आला, "मनकर्णे, पाणी आण. कामरगावचं पाहुणं आलं. गोजराबाईचा उकंडराव."

ती तांब्या घेऊन आली. ओसरीवर ओढ्यातला तरुण बसला होता, आणि जानरावांच्या मांडीवर हिरव्या फडक्यात बांधलेला मातीचा गोळा होता. जानराव एकेक पान बोटांनी चाचपत होते. त्यांचे डोळे भरले होते.

"पाह्य पोरी, तुह्या मायची धायटी. घरी आली."

उकंडरावानं वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच.

वडिलांचे डोळे पाहून मनकर्णानं तांब्या ठेवला, गोळा उचलला. रोप लावायला म्हणून ती परसात गेली. तो घागर घेऊन मागोमाग आला, तेव्हा विहिरीपाशी थांबून तिनं हलक्या आवाजात विचारलं, "गाठ माह्या हातची हाये. सोडू की राहू देऊ?"

"मेली," तो म्हणाला. "तुमच्या मायची लेक आमच्या घरी मेली. माय खाटेवर होती. झाडाले पाणी घाल, म्हणून मले रोज सांगे. मी हो म्हणे, अन् वावरात निघून जाये. मायले अजून ठाऊक नाही. पत्र आलं तशी तिनं मले हाकललं, जाय, फुटवा दे. कुठून देऊ?"

"म्हणून ओढ्यातली."

"हो."

तिला खूप बोलायचं होतं. पण तो मान खाली घालून उभाच राहिला, एका शब्दानंही सुटू पाहत नव्हता, आणि तिनं त्याच्या हातची घागर घेऊन खाली ठेवली.

"सात लेकी होत्या," ती अखेर म्हणाली. "सहा राह्यल्या. गावं सांगते. एखादी तरी जिती असंल."

"शोधतो."

"अन् नाही सापडली तर?"

"तर तुमच्या बाबांच्या पाया पडून खरं सांगतो. पण आधी शोधतो."

*

अकराव्या दिवशी तो परत आला. पायताण तुटलेलं, ओठ उन्हानं फुटलेले, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. अनसिंगची धायटी शेळ्यांनी खाल्ली होती, दोन घरची वाळली होती, एकीच्या जागी गोठा उठला होता, एक पुरात गेली होती. पण मंगरूळपीरला हाजराबीच्या परसात...

दुसऱ्याच दिवशी मनकर्णा धनीबाईला घेऊन मंगरूळपीरला गेली. हाजराबीचा नवरा सैफुद्दीन रंगारी होता. धायटीच्या फुलांचा त्याला रंगासाठी उपयोग, म्हणून झाड लाडात वाढलं होतं. पुरुषभर उंच, भिंतीवरून ओसंडलेलं. मनकर्णानं एक नळी ओठांना लावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"तेरी मां की बेटी मेरे घर में मरेगी क्या?" हाजराबी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "लेकिन अभी खोदने नहीं दूंगी. फूल पे है."

मग तिनंच तोड सांगितली. खालची फांदी वाकवायची, मध्ये मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा. फांदी आईचंच पीत राहते आणि मातीखाली तिला स्वतःची मुळं फुटतात. ती फुटली की मगच तोडायचं. दोन फांद्या दाबल्या, एक गेली तर एक राहील म्हणून. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, माती ओली ठेवायची होती.

"पानी कौन डालेगा?"

"मी," उकंडराव आणि मनकर्णा एकदमच म्हणाले. हाजराबीनं दोघांकडे पाहिलं, आणि पानाचा डबा उघडला.

दर बाजाराला तो कामरगावाहून यायचा, कारंज्यापर्यंत पायी, पुढं सर्व्हिसच्या मोटारीत पोत्यांवर बसून. आणि दर बाजाराला मनकर्णाला काहीतरी रंगवायला द्यायचं असायचं. धनीबाईच्या लुगड्यांना त्या वसंतात जेवढा रंग मिळाला तेवढा जन्मात मिळाला नव्हता.

पाणी घालून झालं तरी दोघं तिथंच बसत. वाऱ्यानं लाल नळ्या गळत, त्याच्या टोपीवर, तिच्या पदरावर. भिंतीपलीकडे भट्टीवर रंग उकळायचा, त्याचा तुरट वास यायचा.

"एक विचारू?" ती एकदा म्हणाली. "उकंडराव... असं नाव कोण ठेवते?"

"हसा, हसा. माह्या आधीची तीन गेली. म्हणून मायनं मले उपजल्याबरोबर उकंड्यावर ठेवलं, शेणाच्या ढिगावर. कचरा समजून नजर लागत नाही म्हणतेत."

"नाही लागली?"

"आजवर तं नाही." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "यंदाचं सांगता येत नाही."

तिनं पदर ओठांवर घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "उकंड्यावर तं म्हणे काहीही उगवते. अन् तुमच्याच्यानं एक झाड नाही जगलं."

तो हसला नाही. मान खाली घालून माती सारखी करत राहिला. तेव्हा मनकर्णा कुणालाच न सांगितलेलं बोलली.

"माह्याच्यानंही नाही जगलं."

त्यानं मान वर केली.

"माय गेल्यावर मी ओसरीच्या खांबाले टेकून बसे. समोर धायटी वाळून राह्यली होती... दिसे मले. विहीर दहा पावलांवर. पण उठवत नव्हतं. बाबाले वाटते, उन्हानं गेली. तुमी तं दुसऱ्याचं झाड इसरले. मी पाहत बसली होती."

त्यानं लोटा उचलला, उरलेलं पाणी निम्मं एका फांदीवर ओतलं आणि लोटा तिच्या हातात दिला. दुसरीवर तिनं ओतलं. लोट्याचा काठ त्याच्या बोटांनी ऊन झाला होता.

*

अखाजीला लेकी माहेरी येतात. त्या सकाळी उकंडराव शेलूबाजारला आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत गोळे होते. दोन्ही फांद्यांनी मुळं धरली होती. हाजराबीनं एकाच्या फडक्यात ओटीचं तांदूळ-खोबरंही बांधून दिलं होतं.

ओसरीवर पाऊल ठेवताच तो जानरावांच्या पायाशी वाकला. "मामा, मी पहिल्यांदा आणली ते खोटी होती. खरी हे हाये."

"ठाऊक हाये," जानराव म्हणाले.

मनकर्णा दारातच थबकली.

"कामरगावची माती काळी. तुह्या गोळ्यात ओढ्याचा मुरूम होता. जलमभर मातीत हात हायेत माहे, ओळखणार नाही?" म्हातारा मंद हसला. "पण दोन वर्षांत पहिल्यांदा माही पोर परसात जाऊन झाडाले पाणी घालून राह्यली होती. मी कायले बोलू?"

ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि गोठ्याकडे गेले. जाताना धनीबाईलाही हाक मारून घेऊन गेले.

अंगणात मधोमध मनकर्णानं खड्डा करून ठेवला होता. दोघांनी मिळून गोळा आत ठेवला, माती लोटली. पहिली घागर तिनं ओतली. माती काळी होत गेली, ओला वास वर आला, आणि तिच्या मनात कुठंतरी धरून ठेवलेलं काही हलकेच सुटलं. पलीकडे परसात ओढ्यातली धायटीही लागली होती. नवी पानं तांबूस चमकत होती.

"दुसरी कुठं लावू?" त्यानं विचारलं.

ती उठली. दुसरा गोळा उचलून तिनं त्याच्या ओंजळीत ठेवला, वर हाजराबीचे तांदूळ टाकले. "हे तुमच्या घरची. गोजरामावशीले म्हणा, लेक परत धाडली."

"मले देता? माह्यावर... भरवसा हाये?"

"नाही."

त्याची ओंजळ तशीच राहिली.

"तुमच्यावर पाण्याचा भरवसा कोण ठेवील? वावरात निघून जासान." ती मातीनं भरलेली बोटं एकमेकांवर घासत राहिली. "पाणी मी घालीन."

"तुमी? कामरगाव चौदा कोस हाये. रोज कशा येसान?"

"रोज कायले?" मनकर्णा म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थेट पाहिलं. "एकदाच येईन."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं ती ओंजळ छातीशी धरली. मान इतकी खाली घातली की टोपी घसरून पडली... आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळं ती तिलाच उचलावी लागली. तिनं ती झटकली आणि त्याच्या डोक्यावर सरळ करून ठेवली.