रंग न लावलेली काच

कस्तुरीच्या घरची एकच अट होती: कापलेल्या जनावराला हात लावायचा नाही. म्हणून सांगलीच्या त्या प्रयोगशाळेत ती आपसूक मेलेल्या जनावरांची वाट पाहत बसे. सगळे तिला ‘गिधाडताई’ म्हणत, तीही हसे.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात दूध घालणाऱ्या बयाबाईचं रेडकू जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलं. चीक रेडकाला बाधतो म्हणून बयाबाईनं तो सगळा खरवसासाठी आळीत वाटला होता. रेडकाच्या तोंडी थेंब गेला नव्हता. कस्तुरीनं त्याचं आतडं आणलं, गोठवलं, पातळ काप केले. आईच्या चिकातली प्रतिपिंडं पकडणाऱ्या जागा तिथंच असतात. चमकता रंग जोडलेली प्रतिपिंडं वर सोडली की त्या जागा काळ्या पडद्यामागच्या अतिनील दिव्याखाली हिरव्या उजळतात. पडताळ्याला एक काप बिनरंगाचा ठेवायचा. तो काळाच दिसायला हवा.

तो उजळला.

तिनं नवा काप घेतला, भोवती हिऱ्याच्या लेखणीनं काचेवर गोल कोरला, नुसत्या मिठाच्या पाण्यानं धुतला. सकाळी तोही हिरवागार. शनिवारी तिचा प्रबंध तपासायला पुण्याहून परीक्षक येणार होते. हा काप काळा झाला नाही, तर तीन वर्षांचं काम वाया.

“म्हस पान्हा चोरतीया, ताई,” बयाबाई म्हणाली. “पहाटं बघावं तर कास रिकामी, सडं ओली.”

“कुणी चोरून पिळत असेल.”

“आवं, गोठ्याच्या दारात मीच निजती! तुमी आतडं न्हेलं तवापासनं चाललंय.”

“म्हणजे मीच पिते म्हणा की!”

दोघी हसल्या. मग बयाबाई हळूच म्हणाली, “लय उपाशी गेलं वो. प्वाट भरलं की थांबंल.”

कस्तुरीनं वहीत तारखा ताडून पाहिल्या. काप उजळणं आणि कास रिकामी होणं एकाच दिवशी सुरू झालं होतं.

शुक्रवारी बयाबाई भरली चरवी घेऊन नाचतच आली. “आज धार लागली, ताई!”

कस्तुरी काळ्या पडद्यामागं धावली.

काप काळा. ठार काळा.

शनिवारी परीक्षक खूश होऊन गेले. बयाबाईनं बासुंदी आणली. साऱ्यांनी वाट्या चाटून पुसल्या.

कस्तुरी गुणगुणत काचा डबीत ठेवू लागली. शेवटची काच तिनं खिडकीच्या उजेडात धरली.

कोरलेला गोल होता तिथंच होता.

काप मात्र चहूबाजूंनी त्याच्या बाहेर आला होता, चांगला जवभर.