सोडलेले दोन स्वर

ही घटना माझ्याबाबतीत घडली आहे. ऐकीव नाही.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. ज्याचं माप घेता येत नाही त्यावर बोलायचं नाही, अशी आमच्याकडे शिस्त आहे. आज ती मोडतेय.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. रविवारची दुपार होती, साडेतीनची. बाहेर लख्ख ऊन.

पण मी जिथे होते तिथे खिडकीच नव्हती...

आधी थोडं मागचं सांगते. माझी ताई गाते. तिचा पाच जणांचा गट आहे आणि त्यांचा गिटारवाला सोडून गेला होता. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की सहा महिने मी दुसरा विचार केला नव्हता. ताईने मंगळवारी ऐकायचं कबूल केलं, पण टोमणा मारल्याशिवाय ती कसली ऐकते!

"तुझं वाजवणं म्हणजे जिना आहे," ती म्हणाली. "वर गेलीस, खाली आलीस. एकदा तरी कठड्यावरून घसर ना, माकडा!"

खोटं नव्हतं ते. कुणी तयार चाल दिली की मी बिनचूक वाजवायचे. आयत्या वेळी मनाने वाजव म्हटलं, की माझी बोटं त्याच पाच स्वरांवर वर-खाली करत राहायची.

म्हणून मी गिटार शिकवणाऱ्या सरांकडे गेले. आम्ही त्यांना खुंटी सर म्हणतो, कारण कुणाचीही गिटार दिसली की ते आधी खुंट्या पिळून ती सुरात लावतात, मग माणसाकडे बघतात.

"सगळे तेच पाच स्वर घेऊन बसतात," सर म्हणाले. "ए, सी, डी, ई, जी. कान किटले माझे. आता त्यातला जी काढ. त्याजागी एफ शार्प घे. बघ, खोली तीच, पण दिवा बदलला की नाही?"

खरंच बदलला होता.

सरांनी समजावलं ते असं. सात स्वरांची एक मालिका असते, तिला मोड म्हणतात. त्यातले पाच निवडायचे आणि दोन सोडायचे. कुठले पाच निवडता, त्यावर वाजवण्याचा रंग ठरतो. माझ्या मालिकेत बी आणि जी सुटत होते.

"त्या दोघांचं काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही. सोडायचे. चार ठोके वाजव, मग चार ठोके गप्प बस. तुला गप्प बसता येत नाही, म्हणून तू जिने चढतेस."

मग त्यांच्याकडच्या सरावाच्या खोलीची किल्ली देताना म्हणाले, "आणि हे बघ पोरी. वाजवण्यातलं शेवटचं वाक्य अर्धवट सोडून उठायचं नाही. ए वर आणायचं, थांबायचं, मगच दार उघडायचं."

"का?"

"सांगितलं ना!"

सर असं सहसा बोलत नाहीत.

सरावाची खोली बोळाच्या टोकाला आहे. आठ फूट बाय सहा फूट. भिंतींना फोम. दार जाड, त्यात वहीएवढी काच. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. फोनला रेंज नाही.

मी फोन रेकॉर्डिंगवर लावून कोपऱ्यात ठेवला. लूपर चालू केला. हे पायाने दाबायचं छोटं यंत्र असतं. आपण वाजवलेला तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. मी त्यात दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांचे झुबके, भरले. चोवीस सेकंदांचा तुकडा. त्या दोन कॉर्डमध्ये मिळून बरोबर माझेच पाच स्वर होते. बी नाही, जी नाही. मी तपासलं होतं.

चार ठोके वाजवलं. चार ठोके गप्प.

वाजवलं. गप्प.

दहा मिनिटांत जिना सुटला. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला माझंच वाजवणं आवडलं.

आणि मग गप्प असताना...

जी.

एकच. बारीक. कुणीतरी तारेला हळूच बोट लावावं तसा.

मी घाबरले नाही. सी वाजला की त्याच्या पोटात वरचा जी असतोच. ई च्या पोटात बी असतो. पुस्तकातली गोष्ट आहे ही. मी वाजवत राहिले.

पुढच्या शांततेत... बी. मग जी. मग पुन्हा बी.

तालात.

तारेच्या पोटातला स्वर तालात येत नाही. कुतूहल माझा जुना रोग आहे. नीट ऐकावं म्हणून मी वाक्याच्या मधेच हात उचलला आणि लूपर बंद केला.

वाक्य अर्धवट राहिलं.

हे माझ्या लक्षातही आलं नाही.

खोली ठार शांत झाली. मी अँपचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचं, बटण बंद केलं. लाल दिवा विझला.

एक, दोन, तीन, चार...

जी. बी.

अगदी जवळून. माझ्या डाव्या खांद्यामागून. तिथे भिंतच होती.

मी खुर्चीतून उठले आणि दाराचा दांडा दाबला.

तो हलला नाही. अडकलेला दांडा थोडा तरी खालीवर होतो. हा भिंतीत ओतल्यासारखा होता.

तेवढ्यात काचेतून सर दिसले. हातात कुणाची तरी गिटार घेऊन बोळातून येत होते. मी दोन्ही हातांनी काच बडवली. ओरडले. सर थांबले. काचेला डोळे लावून आत पाहिलं. आमच्यात एक वीतभर अंतर असेल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

माझ्या मागे, खुर्चीच्या दिशेने पाहिलं. थोडे हसले. तालात मान हलवली...

आणि निघून गेले.

मी वळले नाही. वळायचं धाडसच झालं नाही. दाराला कपाळ टेकलं, मग हळूहळू मान फिरवली.

खुर्ची रिकामी होती.

तेव्हा मला सरांचं वाक्य आठवलं. ए वर आणायचं, मगच दार. गिटार गळ्यातच होती. अँप पुन्हा चालू केला. वाक्य पूर्ण केलं. ए वर आणून सोडलं.

शांतता.

दांड्याकडे हात नेला...

बी.

वाक्य पुन्हा उघडं पडलं.

मी पुन्हा ए. तिकडून पुन्हा बी. मी ए. ते बी, जी. किती वेळा, ते मोजलं नाही. मोजणं हाच माझा धंदा, तरी मोजलं नाही. बोटांची टोकं सोलून निघाली. मी रडत होते आणि वाजवत होते.

मग डोक्यात आलं, प्रयोगशाळेत काटा अडला की आपण काय करतो? पारडी बदलून बघतो.

इतका वेळ पाच माझ्याकडे आणि दोन तिकडे होते. मी अदलाबदल करून पाहिली.

दुसरी तार, आठवा फ्रेट, म्हणजे मानेवरची आठवी पट्टी, जी. पहिली तार, सातवा फ्रेट, बी. एवढंच वाजवलं. आणि गप्प बसले.

एक... दोन... तीन... चार...

तिकडून उत्तर आलं. ए, सी, डी, ई, एफ शार्प. सुरेख. जिना अजिबात नाही. मात्र एफ शार्पवर तार किंचित करकरली.

ती करकर मला ओळखीची आहे. शाळेत असताना माझी डावी अनामिका मोडली होती. ती पूर्ण वाकत नाही. एफ शार्पवर तीच येते आणि तार करकरते.

ती माझी करकर होती.

मग ते वाक्य ए वर आलं. थांबलं.

दांडा खाली गेला.

मी धावत सुटले. वायर उपटली गेली. गिटार गळ्यातच, फोन आतच. माझ्यामागे दार आपोआप लागलं.

सर पुढच्या खोलीत तारा बदलत बसले होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही मला पाहिलंत! मी दार बडवत होते!"

"दार?" ते उठून उभे राहिले. "तू खुर्चीत बसली होतीस. मान खाली घालून वाजवत होतीस. आवाज येत नव्हता, पण तुझ्या बोटांवरून म्हटलं, पोरगी सुटली एकदाची."

मी खाली बसले. सरांनी पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या खोलीत माझं वाक्य कुणीतरी पुढे नेतं, असं मला वाटायचं. मी म्हटलं, वय झालं. मला एकट्यालाच ऐकू येत असेल."

तेच जाऊन फोन घेऊन आले. माझ्यासमोर खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

घरी जाऊन मी रेकॉर्डिंग ऐकलं. माझ्या हिशोबाने मी आत फार तर पाऊण तास होते. रेकॉर्डिंग दोन तास बावन्न मिनिटांचं निघालं. माझे पाच स्वर आहेत, ते दोन आहेत, माझं ओरडणं आहे. मग दार उघडल्याचा आवाज. दार लागल्याचा आवाज.

गिटार बाहेर गेली होती. वायर उपटलेली होती. खोलीत कुणी नव्हतं.

आणि तरीही पुढची अकरा मिनिटं, सर आत येईपर्यंत...

ए, सी, डी, ई, एफ शार्प. करकर. चार ठोके शांतता. पुन्हा ए.

कुणी उत्तर देतंय का, याची वाट बघितल्यासारखं.

मंगळवारी मी ताईपुढे बसले. गटाने सूर धरला. माझी बोटं दोनच ठिकाणी गेली. जी आणि बी. बाकी कुठेही बोट ठेवलं की तार मुकी. काठीवर टिचकी मारावी तशी.

"अगं, नुसती टकटक काय लावलीस? वाजव ना!" ताई म्हणाली.

बोट दुखतंय असं सांगून मी उठले. खरं सांगितलं असतं तर ती हसली असती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

गेल्या गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. मी कामावर होते, काट्यासमोर. ताईचा स्वर लाडात आला होता.

"चोरटी कुठली! माझ्यापुढे बोट दुखतं आणि सरांकडे गुपचूप सराव होय? आत्ता माईक आणायला गेले होते. काचेतून पाहिलं तुला. काय बोटं फिरत होती गं! आता नाही जिना म्हणणार."

मी हातातलं वजन खाली ठेवलं.

"पण नाटकं बंद कर हं. मला पाहिल्यावर उठून काच काय बडवत होतीस! रडायची ॲक्टिंग काय! मी म्हटलं, पुरे माकडा, आणि आले निघून."

किल्ली सरांकडेच आहे. मी विचारून घेतलं. खोली त्या रविवारपासून उघडलेली नाही. ते ऐकल्यावर मी सरांना कुलूप काढायला सांगायला हवं होतं.

मी सांगितलं नाही.

कारण आत कोण आहे आणि बाहेर कोण, हे सांगणारी आणखी एक गोष्ट मला दिसली होती. काट्यावर वजन ठेवताना दिसली, म्हणजे पुरेशा उजेडात. मी तीनदा करून पाहिलं.

माझी डावी अनामिका आता पूर्ण वाकते.