जिथे तार हवी तिथे दोरा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर या आणि असं समजा, की तुम्ही कलिंगडाच्या वाफ्यात उकिडवे बसला आहात. पलीकडे नजर पोचेल तिथवर सूर्यफुलं. डोक्यावरून फवारणीचं पिवळं विमान घरघरत चाललंय. ते रोजचंच, म्हणून तुम्ही मान वर करत नाही. एवढ्यात वर काहीतरी ठणकन वाजतं. पाहता तर पत्र्याचा एक मोठा तुकडा उन्हात चमकत, गिरक्या घेत खाली येतोय. तुमच्याकडेच.

पळाल? पण कुठे?

रुझा आजी पळाली नाही. ती तशीच बसून राहिली. पत्रा तिच्या शेजारच्या वाफ्यात घुसला, कलिंगडं फुटली, आणि तिच्या एप्रनवर लाल रस उडाला. आजीने छातीवर क्रूस काढला. मग आभाळाकडे मूठ उगारून ती ओरडली, "अरे मेल्यांनो, आणखी काय काय टाकणार आहात खाली?"

झुतो पोल्ये गावच्या धावपट्टीवरून त्याच सकाळी फोन गेला. दुपारच्या आत तपासनीस देसांका वूयिन आपल्या धुळकट गाडीतून उतरली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. बोलणं हळू, पण नजर हलत नसे.

वैमानिक तिहोमिरने विमान नीट खाली आणलं होतं. इंजिनाच्या डाव्या अंगाचं झाकण मात्र जागेवर नव्हतं.

"म्हणजे हेच झाकण," देसांका म्हणाली.

हेच, कारण या जातीच्या विमानांची झाकणं आधीही दोन ठिकाणी हवेत निसटली होती. म्हणून हुकूम निघाला होता: अशा प्रत्येक विमानाला खाली आणखी एक कडी बसवायची. कडीला बोल्ट. बोल्ट थरथरून सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातून आणि शेजारच्या पत्र्याच्या कानातून, म्हणजे भोक पाडलेल्या बारक्या पट्टीतून, पीळ दिलेली तार ओवायची. हा बदल केल्याशिवाय उडायचं नाही.

इथे तो बदल एकाच मेकॅनिकने, एका तरुणीने, केला होता. स्मिल्याने. वय तिशीच्या आतलं, केस रुमालात बांधलेले, हात कोपरापर्यंत काळे.

"तार घातली होतीस?" देसांकाने विचारलं.

"घातली होती."

"सगळ्या विमानांना?"

"सगळ्या. ओढूनही पाहिली."

"मग बोल्ट कुठे गेला?"

स्मिल्याने डोळे मिटले. "मला माहीत नाही, बाई. मी डोळ्यांसमोर आणते, तर ती तार मला दिसते. खरंच दिसते."

"दिसते म्हणून चालत नाही, पोरी. संध्याकाळपर्यंत उत्तर सापडलं नाही, तर तुझा परवाना मला काढून घ्यावा लागेल."

स्मिल्याने मान हलवली. हाताला काम हवं म्हणून तिने टेबलावरची एक जुनी तार कापली आणि तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला. देसांकाने त्या डब्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटाला रक्त आलं होतं.

"जपून," स्मिल्या म्हणाली. "टोकं टोचतात."

देसांका बोट तोंडात धरून विमानाकडे गेली. कडीजवळ वाकली आणि वाकलेलीच राहिली. पत्र्याच्या कानातल्या भोकात तार नव्हती. तिथे लाल लोकरीचा एक दोरा होता. घट्ट ओढून बसवलेला, बुटाच्या नाडीसारखी गाठ मारलेला. एक टोक तुटून लोंबत होतं.

तिने खिशातून स्मिल्याकडून घेतलेल्या नव्या तारेचा तुकडा काढला. या बदलासाठी आलेली तार नेहमीच्या तारेहून बारीक होती आणि रंगाने किंचित पिवळी. दोरा असताना तिने तो तुकडा भोकात घालून पाहिला. गेला नाही. दोरा काढून पाहिला. सहज गेला. तिने दोरा रुमालात बांधला आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

तिहोमिर कॉफी घेऊन आला. उंच, बोलघेवडा माणूस.

"उडण्याआधी फेरी मारलीस?"

"मारली ना. बायकोला विसरेन, फेरी विसरणार नाही."

"खालची कडी पाहिलीस?"

"पाहिली. लाल होती."

"म्हणजे?"

"आमच्याकडे मायस्तोर बोल्ट तपासून त्यावर लाल रंगाचा ठिपका लावतो. लाल दिसलं की पुढे जायचं. तिथे लाल होतं. शपथेवर सांगतो."

"वाकून पाहिलंस?"

तिहोमिरने कपात पाहिलं. "नाही. उभ्यानेच."

हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, दुसऱ्या टोकाला तो मायस्तोर काम करत होता. इथे हातात कला असलेल्या कारागिराला मायस्तोर म्हणतात, आणि झुतो पोल्येत मायस्तोर म्हटलं की एकच माणूस, रादिवोय. जाड मिशा, स्वच्छ निळा डगला. शेजारी तेलाच्या डब्यावर त्याची नात नेवा बसली होती. नऊ वर्षांची. उकाडा असूनही तिने स्वेटरची बाही पंज्यापर्यंत ओढून धरली होती.

"मायस्तोर, हा बदल तुम्ही का नाही केला?"

"मला कोण विचारतं?" रादिवोय हसला, पण मिशीखाली हसू आलं नाही. "शिकायला स्मिल्याला पाठवलं. बेलग्रेडला! परत आली तर हार, फोटो. तो बघा, भिंतीवर लावलाय. पक्कड कशी धरायची ते तिला मी दाखवलं, बाई. या हातांनी."

"चांगली आहे का कामात?"

"कागदावर फार चांगली आहे." त्याने समोरच्या नळीवरची तार पिळली, उरलेलं टोक कचकन कापलं, पकडीने त्या तुकड्याचं टोक गोल वळवलं आणि तो न बघता डब्यात टाकला. "आता लोक तिला मायस्तोर म्हणायला लागलेत. त्या तिहोमिरनेसुद्धा परवा हाक मारली, 'मायस्तोर!' मी वळलो. तर तो तिला बोलावत होता."

"आजोबा," नेवा हळूच म्हणाली, "तुम्ही पण मायस्तोरच आहात."

"तू गप बस गं."

देसांकाने मुलीकडे पाहिलं. "गरम नाही होत तुला?"

"नाही," नेवा म्हणाली आणि बाही आणखी खाली ओढली.

संध्याकाळी देसांकाने सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं. रुझा आजीही आली, एप्रन न बदलता. भंगाराचा डबा टेबलावर उपडा केलेला होता.

"आता मी सांगते," देसांका म्हणाली. "चुकलं तर मध्ये बोला. सगळे म्हणतात, स्मिल्या तार घालायला विसरली. विसरली असती, तर हे इथे सापडलं नसतं."

तिने पिवळसर तारेचा एक पिळलेला तुकडा उचलला. मधे तो बोल्टच्या डोक्याएवढा वळलेला होता.

"ही याच बदलाची तार आहे. नुसती कापून उरलेली असती, तर सरळ राहिली असती. ही बोल्टवर बसलेली होती, म्हणून तिला बाक आहे. स्मिल्याने ती घातली होती. नंतर कोणीतरी कापून काढली."

"देवा!" स्मिल्या खुर्चीत बसली.

"विमान उडाल्यावर तर कापली नसेल," तिहोमिर म्हणाला.

"नाही. आधी. आणि तेही मला कळतं." तिने रुमाल उघडला. "हा दोरा त्याच भोकात होता. तार असताना तो आत जाऊच शकत नाही, मी करून पाहिलंय. म्हणजे दोरा बांधला तेव्हा भोक रिकामं होतं. आणि उभ्याने पाहणाऱ्या तिहोमिरला लाल दिसलं. त्याला वाटलं, ठिपका आहे."

तिहोमिर पुटपुटला, "वाकलो असतो तर..."

"वाकला असतास तर आजीची कलिंगडं वाचली असती," देसांका म्हणाली.

रुझा आजीने मान डोलावली. "आणि माझ्या आयुष्याची दहा वर्षं!"

"पण लाल दोरा बांधतं कोण?" तिहोमिरने विचारलं.

"नवं काही आलं की आपण काय करतो? पाळण्याला, गाडीला, वासराच्या गळ्याला?"

"दृष्ट लागू नये म्हणून बांधतो," आजी लगेच म्हणाली.

"बरोबर. म्हणजे दोरा बांधणाऱ्याला विमानाचं वाईट करायचं नव्हतं. त्याचा हात त्या कडीपर्यंत सहज पोचत होता, वाकावं लागत नव्हतं. आणि गाठ नुकतीच शिकलेल्या मुलाची आहे."

मग नेवाने बाही वर केली. मनगटावर लाल लोकरीचा अर्धाच धागा उरला होता.

"मी बांधला," ती म्हणाली. "दुकानात बायका म्हणत होत्या, स्मिल्यामावशीवर सगळे जळतात, तिचं काही टिकणार नाही. म्हणून मी तिच्या नव्या कडीला... भोक रिकामं दिसलं. मला वाटलं, दोऱ्यासाठीच असेल." तिने रुझा आजीकडे पाहिलं. "माझ्यामुळे पडलं ना ते? आजी मेली असती ना?"

"नाही, बाळ," देसांका म्हणाली. "तू बांधलास तेव्हा तार आधीच गेली होती."

"पण मी नसता बांधला, तर तिहोमिरकाकांना दिसलं असतं! माझ्यामुळेच!"

ती हुंदके देऊ लागली. देसांका तिला जवळ घ्यायला गेली नाही. ती रादिवोयकडे पाहत होती.

"ज्याने तार कापली," ती हळू म्हणाली, "त्याला झाकण पाडायचं नव्हतं, असं मला वाटतं. उडण्याआधी वैमानिकाला रिकामी कडी दिसावी, आरडाओरडा व्हावा, स्मिल्याचं नाक कापलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. पण त्याच्या हाताला एक चांगली सवय आहे. टाकायच्या तुकड्याचंही टोक तो वळवून टाकतो, म्हणजे झाडणाऱ्याच्या बोटाला लागू नये. या ढिगातले बाकीचे तुकडे टोचतात. स्मिल्याच्या एका तुकड्याने मलाही टोचलं. ही पिवळी तार मात्र टोचत नाही. हिची दोन्ही टोकं वळवलेली आहेत. मायस्तोर, आज दुपारी बोलता बोलता तुम्ही असंच एक टोक माझ्यासमोर वळवलंत."

"टोक वळवणारे हजार असतील," रादिवोय म्हणाला.

"असतील. या हँगरमध्ये कितीजण आहेत?"

नेवाचे हुंदके थांबत नव्हते. "माझ्यामुळे," ती पुन्हा म्हणाली. "आजोबा, माझ्यामुळे."

रादिवोय एकदा दाराकडे वळला, पण तसाच माघारी फिरला.

"तिला तसं म्हणू देऊ नका," तो म्हणाला. "दोरा तिचा. भोक मी रिकामं केलं."

"मायस्तोर!" स्मिल्या उठली.

"नको म्हणूस मला तसं. तुझा तो फोटो रोज माझ्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. वाटलं, एकदा, फक्त एकदा लोकांनी म्हणावं, रादिवोय असता तर हे झालं नसतं."

"आणि विमान धावपट्टीवर निघालं तेव्हा?" देसांकाने विचारलं. "कोणी थांबवलं नाही, म्हणजे कोणाला काही दिसलेलं नाही, हे तुम्हाला कळलं असेल."

"कळलं. कॉफीचा पेला हातात होता. ओरडलो असतो तर पकडलो गेलो असतो." त्याने घसा खाकरला. "म्हटलं, एका खेपेला काय होतंय."

तिहोमिरने टोपी काढून हातात घेतली. रुझा आजी एप्रनवरच्या वाळलेल्या डागांकडे पाहत राहिली.

देसांकाने हात पुढे केला. रादिवोयने खिशातून आपला परवाना काढला आणि तिला दिला. स्मिल्या पाठमोरी झाली आणि उघड्या पडलेल्या इंजिनाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

रादिवोयने डगल्याची बटणं लावली. मग रोजच्यासारखा हात नातीपुढे धरला. "चल, नेवा. घरी जाऊ."

नेवाने नाक बाहीला पुसलं. तेलाच्या डब्यावरून उतरून तिने आजोबांचा हात घट्ट धरला. रादिवोय दाराकडे पाऊल टाकणार, तोच हाताला उलटा हिसका बसला. नेवाने दोन्ही पाय जमिनीत रोवले होते. ती दाराकडे नाही, विमानाकडे वळली, आणि आपल्या सगळ्या ताकदीनिशी आजोबांना स्मिल्यामावशीच्या दिशेने ओढू लागली.