कमलआत्याच्या हातचं

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन पडलं. बैठकीतल्या शांततेत मुग्धा केवढी तरी दचकली.

"मीच," गुप्तहेराचा मदतनीस सलील दारात ओशाळून उभा राहिला. "लाडू बघत होतो."

"त्यात विष आहे का ते शोधायचंय," खासगी गुप्तहेर मार्तंड म्हणाला. "मिशीला बेसन कसलं?"

"एकच खाल्ला, सर!"

मुग्धाची तीन वर्षांची मुलगी इरा आत झोपली होती. गेला महिनाभर तिला आकडी येत होती, आणि दर वेळी कमलवन्सं तिला आपल्या हातचं काहीतरी भरवत असतानाच.

"वन्संना मूलबाळ नाही. माझ्या पोरीवर डोळा आहे त्यांचा," मुग्धा म्हणाली. "परवा तोंडावर म्हटलं, विष घालता तुम्ही. गुरसरायला काकांच्या गावी जाते म्हणून बसने निघाल्या, त्या पोचल्याच नाहीत."

"पळाल्या!" सलील म्हणाला.

"आकडीची सुरुवात कशी होते?" मार्तंडने विचारलं.

"एकदाच किंचाळते. मग आवाजच नाही. ओठ निळे पडतात, मग ताठ होते, हातपाय झटकते. मिनिटभरात सावध."

"झोपेत कधी?"

"कधीच नाही."

"खाऊन संपल्यावर?"

"संपू देतंय कोण? दिसलं की मी हातातून ओढूनच घेते."

तिचा नवरा देवेंद्र घुटमळला. "मार्तंडजी, काल मोबाइल काढून घेतला, तेव्हाही इरा अशीच निळी पडली. ही घाबरेल म्हणून बोललो नाही."

मार्तंड गच्चीवर गेला, कुणाशी तरी फोनवर बोलून परत आला.

"काल कमलताई नव्हत्या. लाडूही नव्हता. मग दोन्ही वेळी सारखं काय होतं?"

"हिसकावणं. मूल कळवळून रडतं, श्वास सुटतो आणि परत घेतलाच जात नाही. म्हणून आधी ओठ निळे, ताठरणं नंतर. मुद्दाम नाही करत ते. हे फेफरं नाही, विषही नाही. मुलांच्या डॉक्टरांना आत्ताच हा क्रम सांगितला. हृदयाचा आलेख काढतील, रक्तातलं लोह तपासतील. पण अंदाज त्यांचाही हाच. लाडू सगळ्यांना दिसला, मुग्धाताई. तुमचा हात कुणाला दिसला नाही."

देवेंद्रचा फोन वाजला. ऐकून त्याने तो कानापासून खाली घेतला.

"पोलीस आहेत. गुरसरायच्या वाटेवर, पारीछ्याच्या बंधाऱ्यावर... ताईच्या चपला मिळाल्यात. नुसत्या चपला."

सलीलने डबा उघडाच ठेवला होता. इरा डोळे चोळत त्यातूनच एक लाडू घेऊन आली. सवयीने मुग्धाचा हात पुढे झेपावला आणि मध्येच थिजला.

इराने त्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, आता आत्याच्या हातचं खाऊ?"