पुडीतला पाचवा भाग

"अगं, शेपटीची नकोत, पंखांची पिसं दे!" तोंडात सुई धरून झोर्नित्सा ओरडली. "झंझा वादळपक्षी आहे, भिजलेला कोंबडा नाही!"

"पण पिसं कोंबड्यांचीच आहेत ना!" एलित्सा हसत म्हणाली. "आणि तीसुद्धा आमच्या. बिचारे सकाळपासून मला बघितलं की पळत सुटतायत!"

दोघी अंगणात बसून पिसांचा झगा शिवत होत्या. 'वीजपंखी' या पुस्तकमालेने लिपोवो गावातली झाडून सगळी पोरं पिसाळली होती. सात वाऱ्यांचा देश, वादळपक्ष्यावर स्वार होणारी मिरेल आणि तो पक्षी, झंझा! झोर्नित्साला तर चारही भाग जवळजवळ पाठ होते. आता पाचवा, शेवटचा भाग आला होता. त्यासाठी पोरांनी शरदात डोंगरभर हिंडून अक्रोड वेचले होते, विकले होते. पुस्तकांची दोन खोकी कालच वाचनालयात पोचली होती आणि आज संध्याकाळी, पिसांचे झगे घालून, सगळे मिळून ती रंगमंचावर उघडणार होते. ग्रंथपाल लिल्याना मावशींनी तसं वचनच घेतलं होतं: "तोवर एकानेही हात लावायचा नाही!"

फाटक ढकलून वेल्को आत आला. हा एलित्साचा थोरला भाऊ. काखेत फुटबॉल, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी.

"काय, पक्षीण! अंडी कधी देणार?"

"तू गप रे!" झोर्नित्सा म्हणाली. "आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलं नाहीस आणि वर तोंड करून बोलतोस!"

"पक्ष्यावर बसून म्हणे लढाया करतात! खोगीर कुठे बांधतात, चोचीला?"

"मानेमागे! दुसऱ्या भागात सगळं दिलंय. आण त्या बिया इकडे."

तिने पुडीत बोटं घातली आणि तिथेच थबकली. पुडी छापील कागदाची होती. त्यावर झंझाचं नाव होतं!

"शी! कुणी फाडलं हे पुस्तक?" ती कळवळली. मग तिने एकच ओळ वाचली: 'झंझाने आपला उरलेला एकुलता पंख मिरेलभोवती लपेटला.'

"एकुलता?" झोर्नित्साने ती ओळ पुन्हा वाचली. "एकुलता कसा? चौथ्या भागाच्या शेवटी त्याचे दोन्ही पंख शाबूत आहेत!"

"छपाईची चूक असेल," एलित्सा म्हणाली.

"नाही! हे पान मी कधी वाचलेलंच नाही. एलित्सा, हे पाचव्या भागातलं आहे!"

पण पाचवा भाग तर बंद खोक्यात होता!

"थांब, पुढे काय लिहिलंय बघतो," वेल्कोने पुडी उलगडली. "अरे बापरे! झोरी, तुला सांगू का, मिरेल शेवटी..."

"एक शब्द बोललास तर ही सुई टोचेन!" झोर्नित्साने दोन्ही कान गच्च दाबले. "आधी सांग, बिया कुणाकडून घेतल्यास?"

"स्तोयना आजीकडून. दुसरं कोण विकतं बिया!"

चौकातल्या लिंडेनच्या झाडाखाली स्तोयना आजी नेहमीसारख्या बसल्या होत्या. मांडीवर कागदांचा गठ्ठा, समोर भाजलेल्या बियांची टोपली. एक पान फाडलं, वळलं, बिया भरल्या!

"आजी, थांबा! फाडू नका!" झोर्नित्सा जवळजवळ त्यांच्या अंगावरच पडली.

"अगं अगं, बिया सांडतील! काय झालंय तरी काय?"

"हे पुस्तक कुठे मिळालं तुम्हाला?"

"पुस्तक? रद्दी आहे ती. सकाळी काम्बुरोवसाहेबांनी दिली. खाकी कागदात गुंडाळलेली होती. मला मेलीला चष्म्याशिवाय काय दिसतंय! पुठ्ठा तेवढा चांगला जाड निघाला. माझं स्टूल डुगडुगतं ना, त्याच्या पायाखाली घातलाय."

वेल्को वाकला आणि त्याने पुठ्ठा ओढून काढला. निळंशार कव्हर, त्यावर सोनेरी पीस आणि खाली लिहिलेलं: 'वीजपंखी, भाग पाचवा.'

"अगं बाई!" आजींनी तोंडावर हात ठेवला. "आणि मी यात बिया बांधून अर्ध्या गावाला खायला घातल्या!"

काम्बुरोवसाहेब म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. तिघेही वाचनालयाकडे धावले. लिल्याना मावशी दाढ काढायला शेजारच्या गावी गेल्या होत्या, त्यामुळे आत अध्यक्षांचंच राज्य होतं. ते शिडीखाली उभे राहून एका हाताने फुलांची माळ धरत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर बोलत होते. संध्याकाळी दुसऱ्या गावाहून पाहुणं गायनमंडळही येणार होतं. रंगमंच लख्ख झाडलेला होता. खोकी गायब!

"अध्यक्षसाहेब, आमची पुस्तकं..."

"फोनवर आहे, दिसत नाही का?" त्यांनी मान वळवलीच नाही. "हॅलो, हो, सतरंजी लालच हवी!"

"रंगमंचावर दोन खोकी होती!" झोर्नित्साने निळं कव्हर त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते माशी हाकलावी तसं बाजूला सारलं.

"तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग होता. मी सगळी रद्दी सकाळीच ग्रोझ्दानच्या वखारीत धाडली. कागदाच्या गिरणीची गाडी आज गठ्ठे न्यायला येतेय. पळा आता!"

"ती रद्दी नव्हती! एकदा बघा तरी!"

"पोरी, मी वाचनालयाचा अध्यक्ष आहे. मला पुस्तक आणि रद्दी यांतला फरक तू शिकवणार?"

बाहेर येताच एलित्साला रडू फुटलं. "झोरी, रद्दी दाबायच्या यंत्रात घातली असतील तर?"

"तर वादळ होईल, वादळ!" झोर्नित्सा म्हणाली. "चला!"

पिसांचा झगा अजून तिच्या खांद्यांवरच होता. धावताना पिसं मागे उडत होती आणि दोन कुत्री भुंकत पाठलाग करत होती. वेल्को हसत होता, पण सर्वांत पुढे तोच होता.

वखारीत दाबयंत्र धडधडत होतं. ग्रोझ्दान काका, आडदांड, मिशाळ माणूस, ढिगातून कागद उचलून यंत्राच्या तोंडात कोंबत होते. ढिगाच्या टोकाला दोन खोकी होती. एकाचा तळ फाटलेला!

"काका, थांबवा!" तिघे एकदम किंचाळले.

"काय?" काका यंत्राच्या गोंगाटात ओरडले. "ऐकू येत नाही! लांब व्हा, हात जाईल!"

वेल्को खोक्याकडे झेपावला, पण काकांनी त्याला एका हाताने कॉलर धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. "अध्यक्षांचा हुकूम आहे. गिरणीची गाडी जेवणाआधी येईल. पोरांच्या सांगण्यावरून मी काम थांबवत नसतो!"

आता? ढीग झपाट्याने खाली जात होता. रडून काही होणार नव्हतं. झोर्नित्साने क्षणभर खोक्यांकडे पाहिलं, मग ती कागदाच्या एका गठ्ठ्यावर चढली, झग्याचे पंख पसरले आणि घसा फोडून बोलू लागली.

"काका! एक मुलगी होती, मिरेल! तिचं गाव वाऱ्याने गिळलं!"

"कुणी गिळलं?"

"वाऱ्याने! आणि राखेत तिला एक अंडं मिळालं. धगधगतं! तिने ते छातीशी धरलं, हात पोळले, तरी सोडलं नाही!"

काकांचा वेग मंदावला. "अंडं? कसलं अंडं?"

"वादळपक्ष्याचं! त्यातून झंझा निघाला!" ती हात फिरवत, उड्या मारत सांगत होती. एलित्सा पक्ष्याच्या किंकाळ्या फोडत होती. वेल्कोला गोष्टीतलं ओ की ठो ठाऊक नव्हतं, पण तो पत्र्याचा डबा बडवून गडगडाट करू लागला. मिरेल वाढली, मैत्रिणीने दगा दिला, चौथ्या वाऱ्याचा किल्ला पडला...

"मैत्रिणीने दगा दिला?" काका कानामागे हात धरून पुढे झुकले. "मग तिने काय केलं? जरा मोठ्याने बोल की! हे यंत्र मेलं काही ऐकू देत नाही!"

आणि त्यांनी खटका ओढला. धडधड थांबली. एकदम शांतता.

"मिरेल आणि झंझा काळ्या कड्यावर एकटे उभे होते," झोर्नित्सा हळू आवाजात म्हणाली. "खाली सगळी शत्रूची फौज. तिने त्याच्या मानेला मिठी मारली. झंझाने पंख उघडले आणि..."

ती थांबली.

"आणि काय?" ग्रोझ्दान काका ओरडले. "पोरी, पुढे काय झालं?"

"पुढचं मलाही ठाऊक नाही, काका. पुढचं त्या खोक्यात आहे!"

काकांनी डोळे बारीक केले. मग त्यांनी खिशातून चाकू काढला, खोकं उघडलं, खाकी कागद फाडला. निळं कव्हर चमकलं. कोरं, करकरीत!

"हे दाबायला निघालो होतो मी?" ते कपाळावर हात मारून म्हणाले. मग गडगडून हसले. "अगं लबाडे, मला गोष्टीत अडकवलंस की!"

त्यांनी दोन्ही खोकी आपल्या गाडीत ठेवली, पोरांना चढवलं आणि गाडी थेट वाचनालयाच्या दारात नेली. नेमक्या त्याच वेळी गाल सुजलेल्या लिल्याना मावशी येऊन पोचल्या होत्या आणि रिकाम्या रंगमंचाकडे बघून अध्यक्षांना जाब विचारत होत्या. ग्रोझ्दान काकांनी खोकी धपकन खाली ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. काम्बुरोवसाहेब सतरंजीपेक्षा लाल झाले.

"एका ओळीवरून ओळखलंस?" मावशींनी झोर्नित्साला जवळ घेतलं. सुजल्या गालाने त्यांना हसवत नव्हतं, तरी त्या हसल्याच. "इतक्या वर्षांत असा वाचक मी पाहिला नाही! आणि वेल्को, तूसुद्धा?"

"मी काही वाचलेलं नाही हं!" वेल्को घाईने म्हणाला. "पण मावशी, पहिला भाग शिल्लक आहे का हो?"

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. पिसांचे झगे घातलेली पोरं रंगमंचावर चढली, टाळ्यांच्या गजरात खोकी रिकामी झाली. मग काम्बुरोवसाहेब माइकसमोर आले. हातात कागद नव्हता.

"आज सकाळी मी फार मोठी चूक केली," ते म्हणाले. "या मुलांना मी हाकलून दिलं. त्यांनी हार मानली नाही. झोर्नित्सा, एलित्सा, वेल्को, तुम्ही या वाचनालयाची अब्रू राखलीत! गावाला तुमचा अभिमान वाटतो!"

मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मुलांकडे वळले आणि वाट पाहू लागले.

रंगमंचावर, पायऱ्यांवर, खुर्च्यांच्या मधल्या वाटेवर पोरं पसरली होती. एकाचंही डोकं वर उठलं नाही. सगळीकडे फक्त पानं उलटल्याची सळसळ होती. झोर्नित्सा रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

साहेबांनी घसा खाकरला. "झोर्नित्सा, बाळ, तू दोन शब्द बोलतेस ना?"

"श्शू!" झोर्नित्सा पान उलटत म्हणाली.