मधला तास

"दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. कोण, एवढंच शोधून द्या," मॅनेजर म्हणाला.

बोलता बोलता त्यानं अक्काच्या टेबलावरची वर्तमानपत्रं कडेला कडा जुळवून ठेवली, उघड्या पेनाला टोपण घातलं, निथळत ठेवलेला पेला सरळ केला आणि मगच बसला. अक्का खाजगी गुप्तहेर. शेजारी तिचा धाकटा भाऊ बाळ. डोकं पांढरं झालं तरी बाळच. बायको गेल्यावर रिकामं घर खायला उठायचं, म्हणून तो बहिणीकडे राहायला आला आणि कामावर तिच्या मागे मागे फिरू लागला. डोक्यानं जरा मंद पण सोबतीला बरा, असं अक्का त्याच्या तोंडावर सांगायची.

मॅनेजर चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात नुकताच रुजू झाला होता. तिथे दिवसपाळीचे दादा कच्ची भांडी भट्टीत रचून सहाला घरी जातात. रात्रपाळीचा भट्टीवाला सातला येऊन जाळ लावतो. माल ओलसर असला तर जाळ हळूहळू वाढवावा लागतो, नाहीतर भांडी तडकतात. परवा अख्खी भट्टी फुटली होती.

"मी आल्यापासून माल ओला राहिला तो परवा पहिल्यांदाच," मॅनेजर म्हणाला. "दादा म्हणतात, मी सांगितलं होतं. भट्टीवाला म्हणतो, मला कळलंच नाही. त्यानं दिवसपाळी मागितली होती, मी दिली नाही. त्याचा राग काढला असणार. उद्या त्याला घरी बसवतो, पण मनाची खात्री हवी."

"सहा ते सात तिथे कोण असतं?"

"मी एकटा. रोज फेरी मारतो. परकं माणूस फिरकलं नाही, छातीठोकपणे सांगतो. आणि निरोपाची आमच्याकडे आता एकच पद्धत आहे, सकाळी दहाची मीटिंग. चिठ्ठ्याचपाट्या, खाणाखुणा सगळं मी बंद केलंय. मोडेल तो घरी."

"दहाला भट्टीवाला कुठे असतो?"

मॅनेजरनं जरा विचार केला. "झोपलेला असेल," तो म्हणाला.

दोघं कारखान्यात पोचली तेव्हा भट्टीपाशी दादा वाडगे रचत होते. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले आणि पुढचा वाडगा उचलला.

"कसं सांगितलंत?"

"सांगितलं म्हणजे सांगितलं."

"माणूस कसा आहे तो?"

दादांचा हात थांबला. "भला वाटायचा. आता काय बोलायचं?"

बाळला तहान लागली होती. भट्टीशेजारच्या फळीवर एक मग दिसला, तो त्यानं उचलला.

"तो नको. तो पिण्याचा नाही," दादा म्हणाले.

बाळनं आत डोकावलं. चहाचा डाग सोडा, पाण्याचाही थेंब कधी पडल्यासारखा वाटत नव्हता. "मग कशाचा?" त्यानं विचारलं. दादांनी तो त्याच्या हातून घेतला आणि होता तसा फळीवर ठेवला.

भांडी रंगवणाऱ्या बाई मात्र बोलक्या होत्या. "त्या दोघांचं भांडण? अहो, भांडायला आधी भेटावं लागतं. इतकी वर्षं झाली, एकानं दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. आणि नव्या साहेबांची तऱ्हा काय सांगू? परवा संध्याकाळी मी गेल्यावर माझे ब्रश उंचीप्रमाणे लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी हिरव्याचा ब्रश सापडेना."

भट्टीवाल्याची खोली दुपारीही अंधारी होती. खिडकीला जाड पडदा, एक खुर्ची, धुवून ठेवलेलं एकच ताट. खुर्ची त्यानं अक्काला दिली.

"दादा चुकत नाहीत. चूक माझीच धरा," तो म्हणाला.

"माल ओला आहे, हे ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग चूक तुमची कशी?"

"दादांना बायकापोरं आहेत, असं ऐकलंय. मला कोण आहे? दिवसपाळी मागितली तीसुद्धा चार माणसांत बसायला मिळावं म्हणून."

बाहेर आल्यावर बाळ म्हणाला, "अक्का, गडी कबूल झाला की. आता घोडं कुठे अडलं?"

"कबूल नाही झाला. तो दादांना वाचवतोय. दादांनी दगा दिला असं त्याला वाटतंय, तरीही."

संध्याकाळी सहा वाजत आले तेव्हा अक्कानं मॅनेजरला आणि दादांना भट्टीपाशी उभं केलं.

"खोटं कुणीच बोललेलं नाही," ती म्हणाली.

"असं कसं? यांनी सांगितलं आणि त्याला कळलं नाही?"

"सांगितलं का, एवढंच तुम्ही विचारलंत. कसं, ते विचारलंच नाहीत. जे कधी भेटले नाहीत ते तोंडानं सांगणार कसे? मीटिंगच्या वेळी एक झोपेत, चिठ्ठीला तुमची बंदी. तरी एवढी वर्षं भट्टी शाबूत राहिली, म्हणजे निरोप जात होता. इथे एक मग आहे. त्यातून कुणी पीत नाही आणि दादा तो हलवू देत नाहीत. माल ओला तर हा मग पालथा, कोरडा तर सरळ. खरं ना, दादा?"

दादांनी मान हलवली. "खाणाखुणा बंद म्हटल्यावर बोलणार कसं? दोघांची नोकरी गेली असती."

"परवा यांनी हा मग पालथा ठेवला. भट्टीवाल्याला तो सरळ दिसला. मध्ये एक तास आणि त्या तासात इथे एकच माणूस. त्यानंच बाईंचे ब्रश लावले. त्यानंच आज सकाळी माझा पेला सरळ केला, आणि आपण केला हे त्याच्या लक्षातही नसेल."

मॅनेजर खाली बसला. "मला वाटलं, पडलाय," तो हळूच म्हणाला. "मी नुसता नीट ठेवला." मग उठून म्हणाला, "त्याला कुणी काढत नाही. मी सांगतो त्याला."

"तुम्ही नंतर सांगा," अक्का म्हणाली. "आधी दादा सांगतील."

सहाला दादा घरी गेले नाहीत. हातपाय धुऊन बाकावर बसून राहिले. सातला भट्टीवाला आत आला आणि बाकावरचा अनोळखी माणूस पाहून दारातच थबकला.

दादा उठले. म्हणाले, "झोप झाली का?"

बाळनं तोंड फिरवलं. रोज सकाळी त्याला हेच विचारणारी आता राहिली नव्हती.

भट्टीवाल्यानं आवाजावरून नाही, कशावरून कोण जाणे, माणूस ओळखला. "नाही झाली," तो म्हणाला. "परवापासून नाही. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत."

"मलाही तसंच वाटलं तुमच्याबद्दल," दादा म्हणाले आणि बाकावर सरकून त्याला जागा केली.